चार वाजताचा सब्जा

१

सकाळी उठलं की नासारियो उईकाब आधी परसातल्या सब्ज्याकडे जायचा. चार शेंडे खुडायचे, नारिंगाची दोन पानं तोडायची, सगळं मिळून तळहातांवर चुरडायचं आणि कोपरापर्यंत चोळायचं. मग बायकोची काळी शाल डोक्यावरून घ्यायची आणि मधमाश्यांच्या मांडवात शिरायचं. बोलायचं मात्र नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

मांडवात तेरा ओंडके होते. आतून पोखरलेले, दोन्ही तोंडांना दगडी चकत्या बसवून मातीने लिंपलेले. प्रत्येकाच्या मधोमध करंगळी जाईल एवढं भोक, आणि त्या भोकात एक माशी डोकं लावून बसलेली. ह्या माश्यांना नांगी नसते, त्यामुळे दारावर बसणारीचं सगळं काम वासाचं. येणाऱ्याचा वास ओळखीचा निघाला तर ती गप्प राहते. परका निघाला की आत वर्दी जाते, आणि मग आतल्या सगळ्या बाहेर येऊन माणसाच्या केसांत शिरतात, पापण्यांना चिकटतात. चावत नाहीत, पण उभंही राहू देत नाहीत.

नासारियोच्या हातांना त्या काही करत नव्हत्या. आठ महिने झाले, काही करत नव्हत्या. आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको एर्मिला गेली.

ओंडके तिचे होते. तिच्या आईकडून तिला आले, आईला तिच्या आईकडून. गावची रीत अशी, की माश्यांचा धनी गेला तर नऊ दिवसांच्या प्रार्थना संपायच्या आत मागे राहिलेल्याने मांडवात जायचं, एकेका ओंडक्यावर तीनदा टकटक करायचं आणि सांगायचं: तुमचं माणूस गेलं, आता हे तुमचं माणूस, राहायचं तर राहा, जायचं तर जा. मग मक्याची पेज ठेवायची आणि मागे न बघता यायचं. एर्मिलाने शेवटच्या दिवशी नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं. "त्यांना सांग. आणि त्या नेल्मीच्या आहेत, ते पण सांग."

नेल्मी त्यांची मुलगी, मेरिदा शहरात राहणारी. महिन्यातून एका रविवारी यायची.

नासारियोने सांगितलं नाही. सांगितलं की माश्या तिच्या होणार, तेरा ओंडके गाडीत चढणार, आणि मग कशाला ती महिन्याच्या रविवारी एवढी धूळ खात येईल? घरात उरणार कोण, तर आपण आणि कुडाच्या भिंती. म्हणून त्याने सब्ज्याचा, बायकोचा वास अंगाला लावला, आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून मांडवात तोंड मिटून ठेवलं. नेल्मीला म्हणाला, "सांगितलं मी. त्यांनी मला पसंत केलं. काय करायचं?"

नेल्मी ओंडक्यांकडे बघत राहिली एवढंच.

२

ज्याने माश्या पाळल्या आहेत त्याला घड्याळ लागत नाही. उजाडता उजाडता गडग्यावरच्या पांढऱ्या वेलीची फुलं वास सोडतात, की पहिली फळी तिकडे निघते. ऊन गडग्यावर चढलं की वेल मिटते आणि रानातल्या पिवळ्या फुलांचा वास वाऱ्यावर येतो, की सगळ्या तिकडे वळतात. दुपारी फुलंही दमतात आणि माश्याही. जेवणानंतर तर मांडवात एवढी शांतता, की आत मेण चावल्याचं सुद्धा ऐकू यावं. फूल वासाने बोलावतं, माशी जाते. त्यात माशीची मर्जी फारशी नसते.

माघार घेत चाललेल्या थंडीत, एका मंगळवारी, नासारियो मांडवाच्या खांबाला टेकून मक्याची कणसं सोलत होता. चर्चची चारची घंटा झाली. आणि तेराही भोकांतून माश्या बाहेर पडायला लागल्या.

तो बघतच राहिला. ह्या वेळी? रानात काही नव्हतं, गडग्यावर काही नव्हतं. माश्या घिरट्या घालत नव्हत्या, शोधत नव्हत्या. सुतळी ताणून बांधावी तशा एका रेघेत चालल्या होत्या. रेघ त्याच्या डोक्यावरून, सब्ज्याच्या झाडावरून गेली. सब्ज्यावर एकही टेकली नाही. पुढे घराच्या मागच्या अंगाला न्हाणीच्या कुडाला फटी होत्या, तिथे रेघ आत शिरली.

अर्ध्या तासाने त्याच रेघेने परत आल्या. त्याने दोनचार निरखून पाहिल्या. पायांना पराग नाही. पोटं रिकामी.

संध्याकाळी तो न्हाणीत जाऊन आला. पाटाएवढं बुटकं लाकडी बसणं, पाण्याचा रांजण, खुंटीवर काळी शाल. रोज काम झालं की तो ती तिथेच अडकवायचा.

"अच्छा, शाल होय!" नासारियो मोठ्याने म्हणाला आणि हसलासुद्धा. शालीला सब्ज्याचा वास, त्या वासाला माश्या. एवढं सरळ होतं.

३

बुधवारी त्याने शाल राखेच्या पाण्यात उकळली, तीनदा पिळली आणि पार पुढच्या अंगणात वाळत घातली. चारची घंटा झाली. रेघ निघाली ती न्हाणीत.

गुरुवारी त्याने बसणं घासलं, रांजण रिकामा करून पालथा घातला, जमिनीवर चुना टाकला. रेघ निघाली ती न्हाणीत.

शुक्रवारी तो दुपारपासून न्हाणीच्या दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. दार म्हणजे तारेने बांधलेल्या काटक्याच. त्याने स्वतःला समजावलं. वास लाकडात मुरतो. मातीत मुरतो. चाळीस वर्षं रोज चार वाजता एर्मिला इथे न्हात होती, सब्ज्याचं आणि नारिंगाचं पाणी केसांवरून घेत होती. जमिनीने किती पाणी प्यायलं असेल? दुपारी ऊन कुडावर येतं, जमीन तापते, वास वर येतो. फुलांचं नाही का तसंच? ज्याची त्याची वेळ असते.

हे त्याला पटलं. पटतापटता घंटा झाली, माश्या डोक्यावरून आत गेल्या, आणि वास आला.

मुरलेला वास शिळा असतो. हा ताजा होता. आत्ता, ह्या क्षणी पान चुरडावं तसा, ओला, नाकात झोंबणारा. आणि तेवढ्यात आत पाणी सांडलं. नुसतं ओघळलं नाही. तुंबा भरून कोणी अंगावर घ्यावा तसं, आधी धप्प आणि मग जमिनीवर ठिबठिब.

रांजण पालथा होता. त्याने स्वतः पालथा घातला होता.

नासारियो उठला नाही. गुडघे धरून बसून राहिला. एवढंच त्याच्या लक्षात आलं, की इतक्या माश्या आत असून गुणगुण नाही. चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर बसले की होतं, तसं.

४

शनिवारी शेजारची बासिलिया आली. साठीची बाई, तोंडाने फटकळ. तिची सून बाळंत झाली होती, आणि त्या गावात बाळंतिणीला ह्याच माश्यांचा मध चाटवतात. एर्मिला कधी कोणाला नाही म्हणाली नव्हती.

"तात, दोन चमचे द्या," गडग्यावरून वाडगा पुढे करत बासिलिया म्हणाली. "आणि तुमच्या घरातली ती कोण आहे, तिला म्हणावं, सब्जा जरा बेताने वापर. आमच्या चुलीपर्यंत येतो वास. माझ्या कालवणाला तुमच्या घराची चव लागते."

"कोण आहे माझ्या घरात? मी एकटा आहे."

"हो का? मग दुपारी न्हाताना गुणगुणतं कोण? तुम्ही?" ती खो खो हसली. "चाळीस वर्षांत तुमच्या तोंडून गाणं ऐकलं नाही, नासारियोतात. बायको गेल्यावर गळा फुटला वाटतं! मेल्या माणसामुळे एवढं तरी बरं झालं म्हणायचं."

"काय म्हणत होतं गाणं?"

बासिलियाचं हसू ओसरलं. "शब्द नाही कळले. मांडवात म्हणायची तसलं काहीतरी. ती..." आणि तिने वाडगा गडग्यावर ठेवला. "तात, तुम्ही ओंडक्यांना सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"बघा हं. माझ्या सासऱ्याने सांगितलं नव्हतं..."

"सांगितलं म्हणतो ना, बाई!"

तो मध काढायला गेला. ओंडक्याची चकती सोडवली, आत हात घातला. मेणाच्या कुप्या हाताला लागल्या, कोरड्या. दुसऱ्यात कोरड्या. सातव्यात बोटभर मध निघाला, तो त्याने वाडग्यात निथळला. बासिलियाने वास घेतला आणि वाडगा तसाच गडग्यावर सोडून ती गेली. जाताना तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

नासारियोने बोट बुडवून चाखलं. त्यात फूल नव्हतं. साबणाच्या पाण्यात धुतलेल्या केसांची चव असते, ती होती.

५

सकाळच्या फेऱ्या थांबल्या होत्या. पांढरी वेल भरून फुलली होती, वासाने परस दरवळत होतं, आणि दारावरच्या माश्या डोकं लावून नुसत्या बसल्या होत्या. फूल बोलावत होतं आणि त्या जात नव्हत्या. चारची वाट बघत होत्या. खाली रोज दहावीस मरून पडायच्या. गावात मेलेली माशी पानात गुंडाळून पुरतात. नासारियो सकाळभर पानं गुंडाळत बसायचा.

त्याने सब्जा उपटला, मुळासकट, आणि चुलीत घातला. नारिंगाच्या फांद्या तोडल्या. हात राखेने घासले, सालटं निघेपर्यंत. आता कुठेच वास उरला नाही, त्याने हिशेब केला, तर निदान माश्या रानात जातील, पोट भरतील.

दुसऱ्या दिवशी चार वाजता वास दुप्पट आला.

मग त्याच्या मनात जे आलं ते त्याने आठ महिने दाबून ठेवलं होतं. एर्मिला माश्यांशी बोलायची, त्याच्याशी नाही, ह्याचा त्याला राग होता. चाळीस वर्षांत त्याच्याशी तिचं बोलणं म्हणजे मीठ संपलंय, छपराला पानं लागतील, एवढंच. असं तो सगळ्यांना सांगायचा. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला ती त्याच्याशीच बोलायची. झुल्यात तो पडलेला असायचा, ती खाली बसून दिवसभराचं सगळं सांगायची. कोणाला मुलगा झाला, कोणाची गाय व्यायली. तो ऐकायचा. उत्तर द्यायचा नाही. मारलं नाही कधी, शिवी दिली नाही. नुसतं उत्तर दिलं नाही. दोन वर्षं असं चाललं, आणि मग एक दिवस ती बोलताबोलता उठली आणि मांडवात गेली. बाकीचं तिने तिथे सांगितलं.

मांडवाने तरी काय उत्तर दिलं असेल? पण मांडव गुणगुणायचा तरी.

६

रविवारी नेल्मी आली. हातात पिशवी, पिशवीत वडिलांसाठी पाव आणि औषधं. अंगणात पाय ठेवला आणि थबकली.

"तात, सब्जा कुठे गेला?"

"कीड लागली."

"मग वास कसला येतोय?"

"मला तर काही येत नाही."

तिने पिशवी खाली ठेवली आणि मांडवात गेली. खालच्या मेलेल्या माश्या पाहिल्या, पानाच्या पुड्यांचा ढीग पाहिला. एका ओंडक्याला कान लावला. दुसऱ्याला लावला. आई लावायची तसाच, डोळे मिटून.

"उपाशी आहेत. भोवती फुलं फुललीयत आणि ह्या उपाशी मरतायत." ती वळली. "तात, माझ्याकडे बघा. ह्यांना सांगितलंत का?"

"किती वेळा विचारशील?"

"तीनदा टकटक करून?"

"हो."

"आईचं नाव घेऊन?"

नासारियो गप्प राहिला. गप्प राहणं त्याला जमायचं.

"देवा," नेल्मी हळूच म्हणाली. "तुम्ही त्यांना अजून वाट बघायला लावलंय." तिचा आवाज चढला. "कशासाठी, तात? मी ओंडके नेले असते म्हणून? न्यायला मी राहते कुठे माहीत आहे? तिसऱ्या मजल्यावर! एक खिडकी आहे मला. मी इथेच ठेवणार होते. दर आठवड्याला येणार होते त्यांच्यासाठी. तुम्ही म्हणालात, त्यांनी तुम्हाला पसंत केलं. मग मी कशाला येऊ दर आठवड्याला, म्हटलं?"

ऊन गडग्यावरून उतरायला लागलं होतं. नासारियोला बसावंसं वाटलं, पण बसायला काही नव्हतं.

"आत्ता सांगा," नेल्मी म्हणाली. "माझ्यासमोर."

तो पहिल्या ओंडक्यापाशी गेला. बोटाचं पेर वाकवून टकटक केलं, तीनदा. आवाज पोकळ आला. त्याच क्षणी चर्चची घंटा झाली, आणि दोघांनी पाहिलं, दारावर बसलेली माशी सुद्धा निघाली. तेराही भोकं काळी, उघडी, रिकामी.

"कुठे जातायत?" नेल्मीने विचारलं.

"तू इथेच थांब," नासारियो म्हणाला. "मी सांगून येतो."

७

न्हाणीचं काटक्यांचं दार त्याने लोटलं.

कुडाच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत आल्या होत्या. वास एवढा दाट, की डोळ्यांत पाणी आलं. जमीन ओली होती. माश्या भिंतींवर नव्हत्या, छपराला नव्हत्या, खुंटीवर नव्हत्या. सगळ्या, तेरा ओंडक्यांच्या सगळ्या, त्या बुटक्या बसण्यावर होत्या. एकीवर एक, एकीला एक धरून. खाली रुंद, मध्ये निमुळत्या, वर पुन्हा थोड्या रुंद, आणि त्याच्याही वर, पुढे झुकलेलं, एक गोल. पाठ त्याच्याकडे होती.

ती पाठ त्याच्या ओळखीची होती. झुल्यातून त्याने चाळीस वर्षं तीच पाहिली होती.

मोहोळ लटकतं तेव्हा त्याचे नाना आकार होतात, त्याने स्वतःला सांगितलं. ढगांचे होतात. माणूस बघेल ते दिसतं. मग ते पुढे झुकलेलं गोल सावकाश एका बाजूला कललं. बाईमाणूस कानातलं पाणी काढायला कलतं तसं.

टकटक करायला ओंडका नव्हता. त्याने दाराच्या खांबावर केलं. एक, दोन, तीन.

"एर्मिला..." त्याने खांब धरला. "एर्मिला गेली. तुमचं माणूस गेलं. आठ महिने झाले. मी सांगितलं नाही. आता नेल्मी तुमचं माणूस. राहायचं तर राहा, जायचं तर जा."

क्षणभर काही झालं नाही. मग गुणगुण सुरू झाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आधी खालून, मग मधून, मग सगळीकडून. आणि माश्या उठल्या. एकदम नाही. वरचा थर, मग खालचा, मग त्याच्या खालचा. त्याच्या तोंडावरून, कानांवरून, हातांवरून गेल्या, त्या हातांचा वास घ्यायलाही न थांबता. बाहेर नेल्मी ओरडली, "तात! गेल्या! गडग्यापलीकडे गेल्या, सगळ्या! एकसुद्धा राहिली नाही!" आणि ती रडायला लागली.

नासारियोने बसण्याकडे पाहिलं.

माश्या गेल्या होत्या. शेवटचा थर उठून गेला होता, एकही माशी तिथे नव्हती. बसणं मात्र रिकामं नव्हतं.

ओल्या पाठीवरून पाण्याचा थेंब सावकाश खाली उतरत होता.

"तात?" नेल्मीची पावलं जवळ आली. ती दाराशी येऊन थांबली असावी, कारण हुंदका मध्येच तुटला. "हा वास... तात, आत कोण आहे?"

तिला आत घेतलं असतं तर सगळं तिला दिसलं असतं, आणि सांगायचं तिने सांगितलं असतं. तिला ते आलं असतं. आईशी बोलणं तिला येत होतं.

"कोणी नाही," नासारियो म्हणाला, आणि काटक्यांचं दार त्याने आतून ओढून घेतलं.

माश्यांना सांगून झालं होतं. आता जिला सांगायचं राहिलं होतं तिने मान थोडी वळवली, ऐकायला. अर्धाच गाल दिसेल एवढी. नासारियोने तोंड उघडलं. चाळीस वर्षांत स्वतःहून तिला त्याने कधी काही सांगितलं नव्हतं, आणि सुरुवात कशी करतात तेच त्याला माहीत नव्हतं.